एकाच दिशेची लव

डाग घासायचा नाही, नुसता टिपायचा, हे ऋतुजाला ठाऊक होतं. हात ऐकत नव्हता. दाट दुधाचा गोड चहा, आणि सांडला होता तो रणजितच्या लाडक्या सोफ्याच्या ऐन मधोमध.

सोफा राखाडी, नकली स्वेडचा. हात फिरवला की मांजराच्या पाठीसारखा मऊ. पण त्या कापडाला लव होती. कुणी टेकलं, कुणी नुसता पंजा ठेवला, तरी लव उलटी पडून गडद ठसा उमटायचा. रणजित कामाला निघताना रोज ब्रश घेऊन अख्खा सोफा एका दिशेनं झाडायचा. संध्याकाळी आला की बूट काढायच्या आधी वाकून बघायचा. मागे कोण आलं होतं, कुठं बसलं होतं, त्याला सगळं तिथं वाचता यायचं.

ऋतुजा दिवसभर जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसायची.

सोसायटीत रणजितला देवमाणूस म्हणत. गणपतीची तयारी असो, लिफ्टची तक्रार असो, हा सगळ्यांच्या पुढे. देवमाणसाची बायको भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कुडते का घालते, हे हडपसरच्या त्या उंच इमारतीत एकानंही विचारलं नाही. भिंती पातळ होत्या, ऐकू सगळ्यांना जायचं.

तिनं कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकले, फेस केला, नुसता फेस फडक्यावर घेतला आणि डागाच्या कडेकडून आत टिपत आली. फडक्यावर तपकिरी रंग उतरायला लागला. पाणी जास्त झालं तर वाळल्यावर गोल कडा उमटते, ती डागापेक्षा वाईट. म्हणून तिनं अख्खी गादीच सारखी ओलसर करून घेतली. पंखा पूर्ण वेगात सोडला. केस वाळवायचं यंत्र आणलं, थंड हवेवर लावलं आणि गुडघे टेकून बसली.

आई आली होती दुपारी. वाघोलीहून, न सांगता. लग्नाला तीन वर्षं झाली, पण रणजित घरात नसताना माहेरचं माणूस या दारात कधी उभं राहिलं नव्हतं. तशी परवानगीच नव्हती. आईला बघून ऋतुजाला रडूच फुटलं.

"आई, तिथं नको, खुर्चीवर बस," असं ती म्हणेपर्यंत कौशल्याबाई सोफ्यावर ऐसपैस बसल्यासुद्धा होत्या.

"का गं? काचंचा हाय का काय?" त्या म्हणाल्या. मग लेकीचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "वाळलीस की गं पार. काय झालंय? मला न्हाई सांगायचं तर कुणाला सांगशील?"

ऋतुजानं बाह्या वर केल्या.

कौशल्याबाईंनी त्या हातांकडे बघितलं आणि नजर चहाच्या कपात घातली. "मग? काय ठरवलंस?"

तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ऋतुजा सांगत सुटली. परवा हे नाशिकला जाणार. तेव्हा निघायचं. शनिवार पेठेत तेजस्विनीकडे, कॉलेजातल्या मैत्रिणीकडे. तिथून दोघींनी पोलिसात जायचं.

"तेजस्विनी म्हंजी ती चष्म्याची? घर कुटं हाय तिचं?"

ऋतुजानं ते सांगितलं. कुठल्या बोळात, कितवा मजला, सगळं.

"सकाळी निगणार का दुपारी?"

"हे गेले की लगेच."

"हं." कौशल्याबाईंनी चहाचा घोट घेतला. मग मध्येच म्हणाल्या, "रविवारी उत्कर्षाला बघायला येणारेत. स्थळ चांगलं हाय. तुजी धाकटी बहीण नशीब काढती बघ."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या अशा दचकल्या की कप कलंडला. फोन त्यांनी उचलला नाही, मांडीवर पालथा ठेवला.

"तुजा बाप. जीव खातो नुसता."

निघताना त्यांनी ऋतुजाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी आलते हे जावयाला सांगू नगंस. समदं नीट हुईल." डोळे भरले होते त्यांचे.

आता गादी वाळली. ऋतुजानं ब्रश घेतला. डावीकडून उजवीकडे, तो मारतो तसा. एकदा, पुन्हा एकदा. बाजूला होऊन, डोकं तिरकं करून उजेडात पाहिलं. आईच्या बसण्याचा ठसा नाही, डाग नाही, कडा नाही. ती ब्रश जागेवर ठेवत होती तोच लिफ्टचं दार वाजलं.

रणजित आत आला. नेहमीसारखा सोफ्यापुढे वाकला.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही हो."

तो आणखी वाकला. बोटाच्या टोकानं लव किंचित वर उचलून पाहिली. मग सरळ झाला.

"छान."

ऋतुजानं श्वास सोडला. परवापर्यंतच, ती मनात म्हणाली. फक्त परवापर्यंत.

रणजितनं बूट काढले आणि सोफ्याच्या बरोबर मधोमध बसला. "नाशिक रद्द केलं मी."

"का हो?"

"घरात लक्ष द्यायला हवं." तो हसला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हसायचा तसा. "आणि तुझ्या आईंना फोन करून विचार, नीट पोचल्या का. एवढ्या उन्हात मीच पाठवलं होतं त्यांना."