सैल हात

सासऱ्यांचा दुपारी जेवणाआधी डोळा लागला, की सून त्यांच्याच विजारीची शिवण उसवायला बसे.

आज डाव्या पायाची पाळी होती. धागा ओढताच सळकन निघाला. हा माणूस जन्मभर शिंपीकाम करत आला. त्याचा टाका कात्रीलाही दाद देत नसे. म्हातारपणी हात सैल पडला बिचाऱ्याचा.

पण इलाज नव्हता. त्यांचा एकुलता मुलगा, तिचा नवरा, अपघातात गेला आणि घर बसलं. ती स्वतः तरी कुठे उठत होती? पडदे ओढून पडून राही. एके दिवशी सासऱ्यांनीही भिंतीकडे तोंड केलं, ताटाला शिवेनात. तेव्हा मात्र तिला कंबर कसावी लागली. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, नाहीतर माणूस खचेल. मग हे उसवणं सुरू झालं.

"बाबा, पुन्हा उसवली बघा."

"विजार आहे की चाळण?" सासरे चष्मा शोधत कुरकुरले. "सुई ओवून दे. मला मेलं दिसतंय कुठे! आणि कापड नीट धर. जेवली नाहीस का?"

"तुमच्याआधी कशी जेवेन?"

"मग वाढ दोघांचं. उपाशी शिंपी आणि उपाशी मदतनीस, गिऱ्हाईक पळून जाईल!"

ती हसली. म्हातारा माणसात आला, याचं तिला खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून परतली, तर दार अर्धवट उघडं होतं. समोरचा इस्त्रीवाला फाटकी पिशवी घेऊन आला होता. सासऱ्यांनी चष्म्याशिवाय एका झटक्यात सुई ओवली. टाके भराभर पडू लागले, एकाला एक चिकटून.

इस्त्रीवाल्याने पिशवी ओढून पाहिली. "हत्तीने ओढली तरी निघायची नाही. मग घरच्या विजारीला असले कच्चे टाके का रे घालतोस?"

"पोरीची नखं दुखतात उसवताना."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"हळू बोल," सासरे म्हणाले. "तिला अंथरुणातून उठवायला उपाशी पडून राहावं लागलं मला. आत्ता कुठे हसायला लागलीय."