येतानाची तिकिटं

"बंगलोर किती लांब हाय, बापू?" लिलाबाईनं विचारलं.

शेलूबाजारच्या चौकातलं तिकिटांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. जगदेवनं अजून उदबत्तीही लावली नव्हती. लिलाबाई थेट टेबलाजवळ आली. तिचा नवरा पुंजाजी बाहेर पायरीवरच थांबला.

"रस्त्यानं हजार किलोमीटरच्या वर," जगदेव कम्प्युटर सुरू करत म्हणाला. "नागपूरहून विमानानं गेलं तं पावणेदोन तास."

"एवढ्यात तं एसटी अकोल्याले पोचते."

"ते निस्तं उडायचं झालं, काकू. आधी नागपूर गाठा, तिथं बसा, मंग तिकडं उतरल्यावर शहरातली गर्दी. आज निघालं तं रात्र होईन."

"होऊ दे. आजचंच पाह्य."

पुंजाजी पायरीवरून म्हणाला, "सोयाबीन निघू दे न. मंग जाऊ रेल्वेनं. नवरा-बायकोचं भांडण हाय, काई आग नाही लागली."

लिलाबाई वळली. काल दुपारी बंगलोरहून लेकीचा, रूपाचा फोन आला होता. पोरगी रडली नाही की भेकली नाही. 'आई, मले घेऊन जाय,' एवढंच बोलली. मागून जावयाचा आवाज आला आणि फोन तुटला. त्यानंतर प्रत्येक वेळी फोन त्यानंच उचलला. दर वेळी तेच सांगितलं, रूपा झोपली आहे.

"मांगं तिचा हात मोडला," लिलाबाई सावकाश म्हणाली, "तवा तुमी म्हणले, पेरनी होऊ दे."

रस्त्यावरून कापसाचा ट्रक गेला, तो दिसेनासा होईपर्यंत पुंजाजी बघत राहिला.

"जायचं एक काढ, बापू," लिलाबाई जगदेवला म्हणाली. "अन् येतानाचे दोन. दुसऱ्यावर लिव, रूपा पुंजाजी इंगोले."

जगदेव अडखळला. "काकू, आधारकार्डावर जे नाव असन तेच लागते. सासरचं..."

"हेच हाय. बदलूच देलं नाही मी."

जगदेवची बोटं कीबोर्डवर चालू लागली. दुकानात तेवढाच आवाज होता. मग पायरीवरून पुंजाजी आत आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"जायचे दोन कर," तो म्हणाला. "येतानाचे तीन."

लिलाबाई त्याच्याकडे पाहणार, तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"आई, मी शेजारच्या मावशीच्या घरून बोलून राह्यली," रूपा कुजबुजली. "तो आत्ताच कामावर गेला. तू येशीन न?"

"निघालो."

"बाबा येऊ देतीन काय तुले?"

लिलाबाईनं फोन पुंजाजीच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला. पलीकडून रूपा 'आई, आई' करत होती.

"मी हाय, बाई," शेवटी तो म्हणाला. "तिथंच राह्य. त्या घरात आता पाणी प्यालेही जाऊ नको."