उलटा रोल

लाखांदूरच्या लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांना लेबल लावणारं मशीन आलं आणि हाताने लेबलं चिकटवणाऱ्या सगळ्या बायांना शेठनी घरी बसवलं. तरी धुरपता तान्ह्या लेकराला घेऊन रोज फाटकाशी येऊन बसायची. ऑफिसात काम करणाऱ्या करुणाचं लेकरूही तेवढंच होतं.

छापखान्यातून करुणाला फोन आला. "मॅडम, लेबलांचा रोल कसा गुंडाळायचा? मशीनमध्ये लेबलाची वरची बाजू आधी जाते की खालची?"

वरची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खिडकीतून फाटकाकडे बघत ती म्हणाली, "खालची."

रोल आले. मशीनमधून निघालेल्या प्रत्येक बरणीवर लेबल उलटं!

"आता हे रोल फेकाचे काय?" शेठ ओरडले. "बोलवा त्या बायांले!"

बाया हसत कामावर आल्या. "मशीनले वर-खाली समजत नाही नं बाई," धुरपता म्हणाली, "ते आपल्यालेच समजते."

पुढच्या ऑर्डरलाही करुणाने खालचीच बाजू सांगितली. शेठनी छापखान्याला शिव्या घातल्या आणि बायांना पुन्हा बोलावलं.

मग एक दिवस शेठ खुशीतच ऑफिसात आले. "आता टेन्शन नाही, करुणा. रोल कसाबी येऊ दे. उलट्याचा सुलटा गुंडाळून देणारं मशीन घेतलं मी. त्याच्यावर एकच बाई पुरते. कोणती ठेवाची, ते तू सांग."



बाहेर फाटकाशी धुरपता बाकीच्या बायांना सांगत होती, "कायले भेता वं? करुणाताई आहे नं आत."