हिरवी चौकट

पडद्यावर म्हाताऱ्याचं जठर दिसत होतं आणि भोवती हिरवी चौकट होती. कॅन्सर ओळखणाऱ्या एआय मशीनच्या मते सगळं निरोगी होतं.

“तरी तपासणीला एक तुकडा घेऊ का, सर?” दुर्बीण धरलेल्या डॉक्टर केतकीनं विचारलं.

“घे, तुझ्या समाधानासाठी. मशीन चुकत नाही.”

तिनं चिमटा आत सरकवला. त्याचं टोक पडद्यावर येताच चौकट लाल झाली, म्हणजे कॅन्सर. चिमटा मागे घेतला की हिरवी, पुढे नेला की पुन्हा लाल.

सरांचा चेहरा उतरला. मशीनला शिकवायला त्यांनी कॅन्सरचे जे फोटो दिले, ते सगळे तुकडा घेतानाच, चिमट्यासकट काढलेले होते. मशीन गाठ नव्हे, चिमटा ओळखायला शिकलं होतं.

दोघं बाहेर आले, तर सकाळी तुकडा न घेताच सोडलेल्या पेशंटची मुलगी पेढे घेऊन उभी.

“सर, तोंड गोड करा. बाबांची चौकट हिरवी आली!”