शेखचा नंबर

प्रभावतीनं गॅलरीतल्या कुंडीतलं जास्वंदीचं फूल आणून लॅपटॉपसमोर ठेवलं आणि हात जोडले.

"यंदा तरी लागू दे रे देवा शेखचा नंबर."

पडद्यावर दर वर्षीसारखंच वळलेल्या शिंगांच्या मेंढ्याचं चित्र होतं. ती अमेरिकेच्या सरकारची मुद्रा असणार, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. जनार्दननं हात जोडले नाहीत. माऊसवर बोट ठेवून तो नुसता बसून होता.

शेख म्हणजे जनार्दनचा अर्बाब, मालक. जनार्दनचा पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. चार वर्षांपूर्वी जनार्दननं कायमचं गावी जायचं काढलं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, आधी माझा अमेरिकेतला टॅग आणून दे. खलास, त्याच दिवशी तुझ्या सुटकेच्या कागदावर सही. तेव्हापासून तो इंग्रजी अर्ज जनार्दनच भरायचा. दर वर्षी सोडत निघायची, शेखचा नंबर लागायचा नाही, पण नावावर एक गुण जमा व्हायचा. जितके गुण जास्त, तितका माणूस पुढं. प्रभावतीला ते म्हाडाच्या सोडतीसारखंच वाटायचं. मिळत असेल डोंगरात कुठंतरी जागा, बंगला बांधायला. नंबर लागेपर्यंत तिनं साखर सोडली होती. साखरेचा डबा पाहुण्यांपुरता उघडायचा.

फोन वाजला. देवरुखहून कलावती, जनार्दनची बहीण; अंथरुणाला खिळलेल्या वडलांना, नानांना, तीच बघायची.

"वहिनी, नाना सकाळपासून दाराकडं बघतायत. दूधवाला आला तरी म्हणतात, जना आला. काय सांगू त्यांना? शेखचा नंबर लागेपर्यंत थांबा म्हणू?"

"वन्सं, असं काय बोलता!"

"मग कसं बोलू? इथं त्यांचं अंग पुसायला मी एकटी आहे."

फोन ठेवते न ठेवते तोच जनार्दनचा वाजला. शेखचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. "यल्ला जनार्दन! नया रूल देखा? अभी अपना पॉइंट सबसे ऊपर! जुम्मे के बाद फोन करेगा, फॉर्म खलास होना चाहिए!"

"कसला हो नवा नियम?" प्रभावतीनं विचारलं.

"लोक नुसते गुण साठवत बसायचे, सोडतीत उतरायचेच नाहीत. त्यावर फार ओरड झाली. आता नाव सोडतीत टाकायलाच हवं, नाहीतर साठलेले सगळे गुण बाद. आणि परदेशी अर्जदारांत शेखचेच गुण सगळ्यांत जास्त."

"म्हणजे यंदा लागणारच?"

"लागणारच."

"अहो, मग दाबा की! बसलात काय असे?"

जनार्दननं माऊसवरचं बोट उचललं. "प्रभा, नंबर लागला की काय मिळतं, ठाऊक आहे तुला?"

"जागा."

"हा मिळतो." त्यानं पडद्यावरच्या मेंढ्याकडं बोट केलं. "टॅग म्हणजे ह्याला मारायचा परवाना. शेख जाणार, गोळी घालणार आणि मुंडकं दिवाणखान्यात टांगणार."

प्रभावती त्याच्या शेजारी बसून पडद्याकडं बघू लागली. फूल मेंढ्याच्या पायाशीच पडलं होतं. दर वर्षी तिथंच असायचं. गावच्या जत्रेत बोकडालाही आधी फूलच वाहतात, हे तिला आत्ता आठवलं.

ती म्हणाली, "म्हणूनच लागत नव्हता. देवानंच अडवलं."

"देवानं नाही गं. मी."

तिनं मान वर केली.

"नाव मी कधी सोडतीत टाकलंच नाही. नुसता गुण घ्यायचो. शेखला काय, नाही लागला एवढंच कळायचं."

"आणि नाना तिकडं..." तिचा आवाज एकदम चढला. "मेंढ्याची दया आली तुम्हाला? आणि बाजारातून किंगफिश आणून मिटक्या मारत खाता ते?"

"मेंढ्याचं मला काय? शेखनं दहा मारावेत." जनार्दन तिच्याकडं न बघता म्हणाला. "पण तू साखर सोडून मागत होतीस. लागला असता, तर तुझ्या नवसाला लागला असता. तुझ्या नवसावर रक्त कसं चढवू?"

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर तू मागणं सोडलं असतंस. इथं दुसरं होतं काय तुला? म्हटलं, एखादं वर्ष जाईल, शेख कंटाळेल, सोडून देईल. कंटाळला नाही. गुण मात्र साठत गेले."

खाली मशिदीच्या भोंग्यावर शुक्रवारच्या नमाजाआधीचा खुतबा सुरू झाला. गाड्या मिळेल तिथं लावून माणसं घाईघाईनं आत शिरत होती. नमाज आटोपला की शेखचा फोन येणार होता. देवरुखहून कधी येईल, ते सांगता येत नव्हतं.

प्रभावती उठली. लॅपटॉपसमोरचं फूल तिनं उचललं आणि कुंडीच्या मातीत नेऊन ठेवलं. स्वयंपाकघरात चहा उकळल्याचा वास आला. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज.

ती कप घेऊन आली आणि देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. जनार्दनला वाटलं, चहा त्याच्यासाठी आहे. त्यानं हात पुढं केला. तिनं कप दिला नाही. चमच्यानं तळापर्यंत ढवळला आणि उभ्या उभ्याच एक घोट घेतला. गोडाची सवय मोडलेल्या जिभेला तो सोसवेना. तरी तिनं डोळे मिटून गिळला. मग दुसरा घेतला.

"नवस मोडला," ती म्हणाली. "आता दाबा."