लायलची नवी रायफल

फाटक उघडायला लायल स्वतः खाली उतरला, तेव्हाच मिलोच्या मनात पाल चुकचुकली.

या टेकड्यांमधला नियम साधा आहे. ज्याची गाडी, तो चालवणार. शेजारी बसलेला उतरून फाटकं उघडणार आणि लावणार. लायलच्या पिकअपमध्ये मिलो तरुणपणापासून फाटकं उघडत आला होता. तारेचं फाटक म्हणजे खांबाला मिठी मारून अंगाचा सगळा जोर लावायचा, तेव्हा कुठे वरचा फास निघतो. आणि आज सकाळी लायलने त्याच्या हातात किल्ली ठेवली होती. "तूच चालव. मला जरा इकडेतिकडे बघायचंय."

लायल हॅन्सन आपली गाडी बायकोलाही देत नसे.

डोळे गेले, मिलोने निदान केलं. त्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आजवर लायलचा नेम त्याच्याहून सरस होता आणि लायलने ते त्याला कधी विसरू दिलं नव्हतं.

फाटक लावून लायल आत येऊन बसला आणि नाक मुरडत म्हणाला, "कसला रे हा वास?"

"मलम. गाईच्या आचळांना लावतो ते."

"दोन मैलांवरून कोयोटना कळेल, मिलो कुचेरा आला म्हणून."

"माझं त्यांना काही नाही. धास्ती तुझी आहे." आजारी माणसाला जरा चढवावं, असं मिलोचं मत होतं. एका हाताने स्टिअरिंग फिरवत, दुसरा मांडीवर टाकून, तो ऐटीत गाडी चालवत राहिला.

पहिला बर्फ पडून गेला होता. थंडी सरता सरता गाई व्यायला लागतात आणि वासरू जमिनीवर पडायचा अवकाश, लांडग्याच्या जातीचे हे कोयोट टपलेलेच असतात. म्हणून त्याआधी त्यांची शिकार. जमीन आयना बार्गमनबाईंची. दरवर्षीप्रमाणे दोघांनी आधी त्यांचं दार वाजवलं होतं, टोप्या काढून परवानगी मागितली होती आणि भोपळ्याचा गोड पाय-केक खाल्ला होता. बाई म्हणाल्या होत्या, "कोंबड्या नेणारा एक कोल्हाही आहे. त्यालाही बघा."

आता बसायच्या जागा हेरायच्या होत्या. लायल एरवी पलीकडच्या उंच टेकडीखेरीज कुठेच बसायला तयार नसे. बंदुका, घडीच्या खुर्च्या, पाणी सगळं पाठीवर लादून तिथवर चढायचं आणि मिलो कुरकुरला की आणखी भरभर चालायचं. आज त्याने गाडीवाटेलगतचा एक खळगा दाखवला.

"इथे बसू. वारा तोंडावर, ऊन पाठीवर. छान."

"रस्त्यापासून ढांगभर? वरती का नको?"

"तू त्या दिवशी गवताच्या गंजीवरून पडलास ना, तसा मी या वयात टेकडीवरून पडायचो."

"मी पडलो नव्हतो. उतरलो होतो. जरा लवकर."

लायल हसला आणि त्याने ओढ्यापलीकडे बोट केलं. "तो बघ, कोल्ह्याचा माग. ताजा आहे."

मिलोने दुर्बीण लावून पाहिलं. माग होता खरा. अंदाजाने बोलला असणार, त्याने ठरवलं. एकदा निदान केलं की मिलो ते सहजासहजी बदलत नसे.

मग थर्मास गुडघ्यांत धरून त्याने झाकण फिरवलं, कॉफी ओतली आणि बायकोने, डोरीनने, दिलेले खसखशीचे गोड पाव काढले. ऊन छान पडलं होतं. दोघे खात बसले. या माणसाशिवाय हिवाळा म्हणजे घरात कोंडून डोरीनची जिगसॉची चित्रं जुळवणं, हा विचार मनात आला आणि मिलोने उरलेला पाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

दुपारी ते गावात वेंडेलच्या बंदुकांच्या दुकानात गेले. लायलने आधीच एक रायफल बाजूला ठेवायला सांगितली होती. वेंडेलने ती काउंटरवर ठेवली. हलकी, लहान गोळीची, धक्का जवळजवळ नाहीच.

"ही पोरीबाळींची बंदूक झाली," मिलो म्हणाला. "आपल्याकडच्या वाऱ्यात हिची गोळी कोयोटपर्यंत पोचेल तरी का?"

"टेकडीवर कुठे बसायचंय? जवळूनच तर मारायचंय. आणि कोल्ह्याच्या कातड्याला भोक लहान पडतं."

वेंडेल दस्ता पुसत राहिला.

मग मिलोला दिसलं. गोळी भरायचा बोल्ट डाव्या बाजूला होता. डावऱ्यांची रायफल. म्हणजे उजवा डोळा पार गेला होता आणि हा हट्टी माणूस म्हातारपणी डाव्या बाजूने नेम धरायला शिकणार होता, कुणाला एक शब्द न सांगता. सकाळी आपल्याला बरं वाटलं होतं, याची मिलोला लाज वाटली.

त्याने लायलला शेगडीपाशी नेलं.

"हे बघ, यंदाचा हिवाळा राहू दे. कुणी हसणार नाही. मी सगळ्यांना सांगेन, मलाच कंटाळा आला."

"तुला यायचं नाही?"

"मला यायचंय रे. तुझ्याशिवाय मी कुणाबरोबर जाणार? पण माणसाने किती दिवस लपवावं? मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

लायल काउंटरपाशी गेला, रायफल रिकामी असल्याची खात्री केली, ती घेऊन परत आला आणि मिलोपुढे धरली.

"धर."

मिलोने सवयीने उजवा हात पुढे केला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"तो हात नको," लायल म्हणाला. "पडल्यापासून तो वर जात नाही, दिसतंय मला. डावा खांदा तरी धड आहे ना तुझा?"