जवळपास आलात तर

ओकाडा सरांच्या घरी तासभर बसून आलं, की नोकरीचं आणखी एक वर्ष पदरात पडेल, असा यशोधनचा हिशेब होता. कानाझावात त्याच्या संशोधनाची मुदत मार्चमध्ये संपत होती आणि मुदतवाढीचा कागद सरांच्या टेबलावर तसाच पडून होता.

सरांनी घर बदलल्याचं छापील कार्ड लॅबमधल्या सगळ्यांना आलं होतं. ‘जवळपास आलात तर अवश्य या.’ जपानी मंडळींना ती नुसती लिहायची रीत आहे हे ठाऊक होतं; त्यांच्यापैकी कुणी गेलं नाही.

“अरे, आधी फोन तरी कर,” त्याची बायको केतकी म्हणाली.

“फोन केला तर नको म्हणतील. आपण जवळपास जायचं, की झालं.”

रविवारी दोघं बेसनाचे लाडू घेऊन दारात उभी राहिली. घरच्या कपड्यांतले सर कमरेत वाकले आणि “दहा मिनिटं” म्हणून आत गेले, ते पाऊण तासाने बाहेर आले. आत त्यांच्या पत्नी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अंगावर किमोनो, चेहऱ्यावर पावडर. तासभर त्या हसत राहिल्या. लाडू हातातच धरून ठेवला. निघताना केतकीला सरकत्या दारामागे इस्पितळातल्यासारखी लोखंडी कॉट दिसली.

बुधवारी सरांनी सही केलेला कागद यशोधनला दिला. “रविवारी नीट पाहुणचार झाला नाही, माफ करा.”

“सरांच्या पत्नींना उठून बसायलाही डॉक्टरांची मनाई होती,” लॅबच्या सेक्रेटरीने नंतर हळूच सांगितलं. रविवारी रात्रीच त्यांना इस्पितळात हलवलं होतं. तिथून त्या परतल्या नाहीत.

यशोधनचं वर्ष मंजूर झालं. किंमत त्या बाईंनी ताठ बसून चुकती केली होती.